दगडावरचे दोन जोड

ज्या वर्षी उमेकिचीच्या धाकट्या मुलीचं, हारुएचं, सगळ्यांनी आशा सोडून दिल्यावर अडतिसाव्या वर्षी लग्न झालं आणि ती नवऱ्यामागे निगाताला राहायला गेली, त्याच वर्षी ऑक्टोबरात पंतप्रधान कुसाकाबे यांनी राजीनामा दिला. सकाळचे अकरा वाजले होते. उमेकिची दाराशेजारच्या आपल्या चिंचोळ्या खोलीत बसून रिकामी फळी पुसत होता. रेडिओवरचा माणूस हवामान सांगता सांगता मध्येच थांबला आणि त्याच आवाजात म्हणाला, की पंतप्रधानांनी प्रकृतीच्या कारणावरून पद सोडायचं ठरवलं आहे. उमेकिचीनं फडकं खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांपुढे कुसाकाबेंचा चेहरा आलाच नाही. आली ती त्यांची उजवी टाच, बाहेरच्या अंगाला झिजलेली. पोटात दुखणारा माणूस एका बाजूला कलून चालतो. ती टाच गेलं वर्षभर दुसऱ्या बाजूनं झिजायला लागली होती आणि ते उमेकिचीनं डॉक्टरांच्या आधी पाहिलं होतं. पण बूट सांभाळणारा माणूस असं काही बोलत नाही.

टोकियोत, आकासाकातल्या त्या जुन्या जेवणघरात तो सेहेचाळीस वर्षं पाहुण्यांचे बूट सांभाळत होता. पाहुणा दारातल्या दगडावर बूट काढून आत चढला की ते उचलायचे, फळीवर ठेवायचे, आत जेवण चाललेलं असताना त्यांची धूळ झटकायची, ओले असतील तर आत कागद कोंबायचे, आणि पाहुणा निघाला की चवडे बाहेरच्या बाजूला करून दगडावर मांडायचे. एवढंच काम. चिठ्ठ्या नाहीत, नंबर नाहीत, किल्ल्या नाहीत. ते सगळं स्टेशनाजवळच्या खाणावळींत. इथं पाहुण्यानं जिन्यावरून उतरायचं आणि त्याचे बूट त्याच्यापुढे असायचे, जसे काही ते तिथून हललेच नव्हते. त्याला हे काम शिकवणारा म्हातारा तोकुझो म्हणायचा, तोंडाकडे बघू नकोस, गोंधळशील. तोंडं सगळ्यांची सारखी गोड असतात. पाय बघ. उमेकिचीला तेव्हा धड वाचताही येत नव्हतं. अक्षरओळख त्याला पुढे चाळिशीनंतर, हारुएच्या शाळेच्या पुस्तकांवरून झाली. पण त्याआधीपासून तो बूट वाचत होता. कोण कर्जात बुडालाय, कोणाची बायको रुसून माहेरी गेलीय, कोण पक्ष सोडणार आहे, हे त्याला तळव्यांवरून कळायचं. कुसाकाबे पहिल्यांदा आले ते कोणाच्या तरी सेक्रेटरीचे सेक्रेटरी म्हणून. पावसात भिजलेले, मोज्याला अंगठ्याशी भोक. वर साहेबलोकांपुढे त्या मोज्यात कसं जायचं म्हणून दगडावरच घुटमळत होते. उमेकिचीनं काही न बोलता आपले धुतलेले मोजे पुढे केले. त्यानंतर एकतीस वर्षांत ते माणूस खासदार झालं, मंत्री झालं, पंतप्रधान झालं, पण या दगडावर आल्यावर एकदाही "उमेसान, आहात ना" म्हटल्याशिवाय आत चढलं नाही.

आता ते येणार नाहीत, हे त्याला रेडिओ ऐकताना कळलं आणि त्याचबरोबर दुसरंही काहीतरी कळल्यासारखं वाटलं, जे त्यानं लगेच दूर सारलं. उन्हाळ्यात हारुएच्या लग्नात जावयाच्या वडिलांना त्यानं दोनदा आपली ओळख करून दिली होती. दुसऱ्या वेळी ते गृहस्थ पहिल्याइतकेच वाकले आणि म्हणाले, भेटून आनंद झाला. बायको, इने, शेजारीच उभी होती. तिनं त्याच्या बाहीवरचा नसलेला दोरा काढल्यासारखं केलं. घरी जाताना ती म्हणाली, खूप माणसं होती नाही का. तो हो म्हणाला. दारात मात्र त्याचं कधी काही चुकलं नव्हतं. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, असं त्यानं स्वतःला सांगून ठेवलं होतं. हात फळीकडे जायचे आणि बरोबर तोच जोड घेऊन परत यायचे. आणि तोवर जिन्यावरून किमीचा तो खणखणीत आवाज यायचा.

किमी वरच्या दालनांत वाढायला असायची. सेहेचाळीस वर्षांची, रुंद चेहऱ्याची, हसली की डोळे नाहीसे होणारी. पाहुण्यांना जिन्यावरून खाली आणताना तिचं तोंड बंद राहत नसे. "नागुमोसाहेब निघालेत, पायरी जपा हं साहेब." "बँकेचे साहेब आज लवकर, घरी कुणी वाट बघतंय वाटतं." उमेकिचीला ते अजिबात आवडायचं नाही. अशा घरात नावं ओरडायची नसतात. कोण कोणाबरोबर जेवला हे भिंतींनाही कळू नये, म्हणून तर लोक इथं येतात. तो तिला बोलायचा, तर ती म्हणायची, माझं तोंड असंच आहे आजोबा, जन्मताना आईनं शिवायचं राहिलं. दोनदा त्यानं मालकीणबाईंकडे तक्रारही केली होती. मालकीणबाई दोन्ही वेळा नुसत्या हं म्हणाल्या होत्या.

राजीनाम्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी पक्षातली म्हातारी मंडळी जेवायला यायची होती, आणि त्यांच्याबरोबर ते दोघे, नागुमो आणि तात्सुमी. कुसाकाबेंच्या जागी त्या दोघांतला एक बसणार हे सगळ्या टोकियोला माहीत होतं. दोघेही कुसाकाबेंनीच वाढवलेले. नागुमो थोरले, रुंद, सावकाश बोलणारे, डोंगराकडच्या गावचे. तात्सुमी उंच, चष्मेवाले, चटपटीत. एकमेकांचं चांगलं पटायचं, आणि हेच अवघड होऊन बसलं होतं. त्या वर्षी वसंतात कुसाकाबेंनी दोघांनाही आपल्या चांभाराकडून सारखेच काळे बूट करवून दिले होते. म्हणाले होते, तुमच्यापैकी एकजण हे घालून पंतप्रधानांच्या निवासात पाऊल टाकेल, दुसऱ्यानं हेच घालून त्याला दारापर्यंत पोचवायला यावं. हे त्यांनी जेवताना हसत सांगितलं होतं आणि किमीनं वाढता वाढता ऐकलं होतं. दोघेही ते बूट फक्त मोठ्या प्रसंगी घालायचे, त्यामुळे तळवे अजून कोरेच होते. फरक एवढाच, की नागुमोंचा पाय लांबीला तात्सुमींइतकाच, पण पंजाला रुंद. हात आत घातला की कळायचं.

सकाळीच मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. फाटकाबाहेर वार्ताहर दाटीनं उभे आहेत, त्यांचे कान लांब आहेत. आज जिन्यावर आणि दारात कोणीही कोणाचं नाव उच्चारायचं नाही, साहेब म्हणायचं नाही, नुसतं वाकायचं. हे सांगताना त्यांनी किमीकडे पाहिलं. किमीनं काही बोलायला तोंड उघडलं, उमेकिचीकडे एक नजर टाकली आणि तोंड मिटलं. उमेकिचीला बरं वाटलं. इतके दिवस त्याला जे हवं होतं ते एकदा तरी होणार होतं.

साडेबाराला ते आले. आधी म्हातारे, एकेक करून, काठ्या टेकत. त्यांचे बूट त्याच्या हातांना आपल्या भांड्यांइतके ओळखीचे होते. मग ते दोघे, जवळजवळ एकदमच, आणि दगडावर एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत राहिले. शेवटी दोघांनी एकाच वेळी बूट काढले. उमेकिचीनं एका हातात एक जोड, दुसऱ्यात दुसरा असे उचलले. फाटकाशी एकदम गलका झाला, कोणीतरी कॅमेरा घेऊन भिंतीवर चढू पाहत होतं, माळी त्याला खाली खेचत होता. तो सगळा क्षणभराचा प्रकार. उमेकिचीनं मान वळवली, परत फळीकडे पाहिलं, आणि त्याच्या दोन हातांत दोन जोड होते. उजवा कुणाचा आणि डावा कुणाचा, हे त्याला माहीत नव्हतं. विसरला असं नाही. विसरलेली गोष्ट कुठंतरी जवळपास असते, माणूस तिच्याभोवती फिरतो. इथं काहीच नव्हतं. घासून कोरडी केलेली फरशी असावी तशी जागा. त्याला आठवलं, लहानपणी बर्फ पडून गेल्यावर सकाळी दार उघडलं की गावातली वाट कुठं होती ते कळायचं नाही, तसं. मग तो भानावर आला. हात आत घालून पाहिलं. दोन्ही सारखेच वाटले. त्यानं पुन्हा घालून पाहिलं. उजव्या हाताला एक रुंद वाटला, डाव्या हाताला दुसरा. त्यानं ते फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. वर ते लोक देशाचा पंतप्रधान ठरवत होते. वरून बांगडीच्या काचेसारखा नाजूक वाटीचा आवाज यायचा, कोणाचं तरी खोकणं, मग बराच वेळ काहीच नाही. त्याला वाटलं, उठून मालकीणबाईंना सांगावं. पण काय सांगायचं? मला माझ्या हातातलं कळत नाही? सांगितलं तर त्या काही बोलणार नाहीत, चहा द्यायला सांगतील, आणि उद्यापासून दारात पाहुण्यांनी आपापले बूट कुलपात ठेवायचं किल्ल्यांचं कपाट येईल. तात्सुमी नेहमी डाव्या हाताला उभे राहतात, असं त्यानं ठरवलं. ते खरं होतं का, कोण जाणे.

दोन वाजता पायऱ्या वाजल्या. नावं नाहीत. फक्त पायमोज्यांचा लाकडावरचा घसरता आवाज आणि त्यांच्यामागून किमीच्या किमोनोची सळसळ. उमेकिचीनं दोन जोड दगडावर मांडले. म्हातारी मंडळी आधीच बूट घालून गेली होती. ते दोघे उतरले. किमी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. तिनं दगडाकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. नागुमोंनी पाय घातला. पाय अर्ध्यावर अडला. त्यांनी खाली पाहिलं, मग उमेकिचीकडे. तेवढ्यात उमेकिचीला कळलं. ते अगदी लख्ख कळलं, जसं काही कोणी दिवा लावला. शेजारी तात्सुमींचा पाय बुटात सहज गेला होता आणि आत सैल राहिला होता. तेही थांबले होते. फाटक उघडं होतं. बाहेर शंभर डोळे आणि कॅमेऱ्यांच्या काचा. बूट काढायचे, बदलायचे, तर सगळ्यांच्या देखत, आणि म्हातारा दगडाशी गुडघ्यांवर बसलेला. नागुमोंनी भिंतीवरची बूट चढवायची शिंगाची पट्टी घेतली, टाचेला लावली, ओठ दातांत दाबून पाय आत ढकलला. उभे राहिले. मग नेहमीसारखे किंचित वाकून म्हणाले, "उमेसान, छान चकाकलेत. आभारी आहे." तात्सुमीही वाकले. दोघे बाहेर पडले. एक लंगडत, दुसरा पाय ओढत.

सात वाजता घरी टीव्हीवर ते दिसलं. इने भाताची वाटी हातात घेऊन थांबली. अगं बाई, नागुमोसाहेबांच्या पायाला काय झालं, असं ती म्हणाली. पडद्यावरचा विश्लेषकही तेच विचारत होता. एका पंतप्रधानांनी प्रकृतीसाठी पद सोडलं, आणि आता हे लंगडतात. पक्षाला दुसरा आजारी माणूस परवडेल का? उमेकिचीनं मासा सोलून कडेला ठेवला तो तसाच राहिला. त्याला लाज वाटत होती असं म्हणणं सोपं आहे. पण लाजेपेक्षा खोल काहीतरी होतं. तळ्याच्या काठावर बसलेल्या माणसाला एकदम तळ हललेला दिसावा, तसं. इनेनं मासा आपल्या ताटात घेतला, काटे काढले आणि परत त्याच्या ताटात ठेवला. ती काही विचारत नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिनं जे जे विचारलं नव्हतं ते सगळं एकत्र केलं असतं तर ते घर भरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराला तात्सुमींचा सेक्रेटरी आला, रुमालात बांधलेलं गाठोडं घेऊन. म्हणाला, साहेबांनी हे जरा पॉलिशला पाठवलेत, उमेसानसारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही. तासाभरानं नागुमोंचा ड्रायव्हर आला. त्याच्याही हातात रुमालातलं गाठोडं. तोही शब्दाला शब्द तेच बोलला. दोघांनी आपसात फोन केला होता की दोघांनाही एकच खोटं सुचलं होतं, हे उमेकिचीला कळलं नाही. त्यानं दोन्ही जोड घासले. संध्याकाळी गाठोडी बदलून परत गेली. त्या दिवसांत वार्ताहर नागुमोंना रोज विचारत होते, पायाला काय झालंय. एका वाक्याचं काम होतं. जेवणघरातल्या म्हाताऱ्यानं बूट चुकवले, एवढं म्हटलं असतं तर सगळे हसले असते, आणि हसणारा माणूस आजारी दिसत नाही. नागुमो म्हणाले, त्या दिवशी जेवण जरा जास्त झालं. मग वार्ताहरांनी त्यांना पोटाचंही काही आहे का म्हणून विचारलं. सहाव्या दिवशी पक्षानं तात्सुमींची निवड केली. त्याला पुष्कळ कारणं होती. वर्तमानपत्रांनी अकरा कारणं छापली. उमेकिचीनं बोट ठेवून ती सगळी वाचली आणि त्याला वाटलं, बारावं फक्त आपल्यालाच माहीत आहे.

किमीला तो मागच्या अंगणात भेटला. ती मुळे सोलत बसली होती. तो शेजारी उकिडवा बसला.

"जिन्यावरून ओरडायचीस ते," तो म्हणाला, "मुद्दाम होतं."

किमीनं मुळा पाण्यात टाकला. "माझं तोंडच तसं आहे आजोबा."

"किमी."

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तुम्ही बँकेच्या साहेबांपुढे डॉक्टरांचे बूट ठेवलेत. मी साहेबांना थांबवलं आणि छत्री राहिली म्हणून परत वर नेलं. तोवर तुम्ही बदललेत. तुम्हाला कळलंसुद्धा नाही तुम्ही बदललेत ते. मग मी ठरवलं, पाहुण्यांचं नाव घेत उतरावं."

"आणि मी तुझी तक्रार करत होतो."

"दोनदा. बाईसाहेबांनी मला सांगितलं. म्हणाल्या, चालू ठेव, पण त्यांना कळू देऊ नकोस." ती हसली आणि तिचे डोळे नाहीसे झाले. मग तिनं नाक पुसलं, ओल्या हातानंच. "त्या दिवशी मला वाटलं ओरडावंच. बाईसाहेबांनी हाकललं असतं तर हाकललं असतं. पण तेवढ्यात नागुमोसाहेबांनी पाय घातलाच. मला माफ करा."

माफी ती मागत होती. उमेकिचीनं तिच्या हातातली सुरी घेतली आणि एक मुळा सोलला, वाकडातिकडा. तिनं तो निमूट पाण्यात टाकला. दोन वर्षं तो समजत होता की आपले हात चोख आहेत, आणि त्या हातांना कोणीतरी लहान मुलाच्या बोटासारखं धरून चालवत होतं. मालकीणबाईही. कदाचित पाहुणेही. त्याला राग यायला हवा होता. पण आला तो हिवाळ्यात दुसऱ्यानं आधीच तापवून ठेवलेल्या अंथरुणात शिरावं तसा काहीसा ऊबदार, आणि न सोसणारा, भाव.

नवे पंतप्रधान शपथ घेऊन कामाला लागल्यानंतर दहाएक दिवसांनी नागुमो एकटेच आले. जेवायची वेळ नव्हती. कुणाला न सांगता, जुने तपकिरी बूट घालून, फाटकातून चालत. दारात उमेकिची होता. त्यानं दगडाशेजारी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. मातीचा आणि ओल्या पानांचा वास आला. तो म्हणाला, की माझ्यामुळे तुमचं, आणि पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. मग त्याला समजलं, नागुमो त्याच्याशेजारी उकिडवे बसले आहेत. त्या रुंद माणसाला ते जमत नव्हतं, एक हात त्यांनी दगडावर टेकला होता.

"उमेसान, त्या दिवशी माझा पाय सुजला होता," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात आहे ते. गार हवा लागली की सुजतो. बूट माझेच होते."

उमेकिचीनं मान वर केली. त्या पायाला तो वीस वर्षं ओळखत होता. तो कधी सुजला नव्हता. हे नागुमोंनाही माहीत होतं आणि आपल्याला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. उमेकिचीला वाटलं, नाही म्हणावं. खरं ते खरं म्हणून मांडावं, मग मन हलकं होईल. पण हलकं होणार ते फक्त त्याचं. नागुमोंनी जे देशातल्या सगळ्या वार्ताहरांपुढे तोंड मिटून जपलं होतं ते तो इथं, या दगडावर, आपल्या सोयीसाठी फोडणार होता. असली वस्तू परत करता येत नाही. घेऊन ठेवावी लागते, जड असली तरी.

"गार हवा वाईटच," तो म्हणाला. "जपायला हवं साहेब."

"हो ना," नागुमो म्हणाले, आणि उठताना त्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला. मग आत जाऊन मालकीणबाईंकडे चहा प्यायले, आणि अर्ध्या तासानं उतरले. त्यांच्यापुढे त्यांचे तपकिरी बूट होते. दारात त्या दिवशी तेवढा एकच जोड होता.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, उमेकिची मालकीणबाईंपुढे जाऊन बसला आणि म्हणाला, की आता मी दार सोडतो. त्यांनी कारण विचारलं नाही. चहा ओतला. मग विचारलं, तुमच्यामागे कोण? त्यांचा पुतण्या किल्ल्यांचं कपाट बसवा म्हणून मागे लागला होता, हे त्याला ठाऊक होतं. किमी, तो म्हणाला. मालकीणबाई थोडा वेळ बागेकडे पाहत राहिल्या. या घरात दारात बाई कधी बसली नव्हती. या घरातच काय, त्या सगळ्या गल्लीत नव्हती. पाहुणे काय म्हणतील, त्या म्हणाल्या. उमेकिची म्हणाला, की दोन वर्षं तीच बसलीय बाईसाहेब, मी नुसता खाली वाकत होतो. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात चटईवर टेकले आणि त्याच्यापुढे वाकल्या, नोकराला मालकीण वाकते त्यापेक्षा पुष्कळ खाली.

नोव्हेंबरभर तो किमीला शिकवायला गेला. तिला शिकवण्यासारखं फार नव्हतं. बूट कोणत्या वेळी फळीवरून काढायचे, थंडीत आत हात घालून किती वेळ ऊब द्यायची, वयस्कर माणसाचा डावा बूट नेहमी जरा पुढे ठेवायचा, असं काहीबाही. कधी तो तेच दोनदा सांगायचा आणि ती दोन्ही वेळा हो आजोबा म्हणायची. एकदा मध्येच म्हणाली, आता तिसऱ्यांदा सांगाल तर पगार वाढवून मागेन. तो खूप हसला. डिसेंबरात त्याचं जाणं थांबलं, कारण एकदा तो फाटकाशी येऊन उभा राहिला, आपण कुठं आलो ते त्याला कळेना, आणि माळ्यानं त्याला घरी पोचवलं. हारुए नव्या वर्षाला निगाताहून आली ती परत गेलीच नाही, नवरा मागाहून आला. उमेकिची हानावा पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला, गुरुवारी दुपारी, फुकागावातल्या आपल्या घरी वारला. त्याला बहात्तर वर्षं पुरी झाली होती.